हळू कुणाला सांगायचं?

त्र्यंबक रस्त्याला सातपूर मागे पडलं की गाडी चालवणाऱ्याचा हात जरा सैल होतो. तिथेच, महिरावणीच्या अलीकडे, हे घडलं. गाडी नवी कोरी, पुढच्या काचेमागे कॅमेरा बसवलेली. स्टिअरिंगवर भाचा, शेजारी मावशी, मावशींच्या मांडीवर नारळ-फुलांची पिशवी. पाऊस नुकताच उघडलेला, रस्ता ओला. डावीकडच्या कच्च्या वाटेवरून एक स्कूटर इकडेतिकडे न बघता वर आली आणि गाडी कचकन थांबली. नारळ सुटून पायाशी गडगडला. मावशी ओरडल्या, “अरे, हळू की जरा!” भाचा म्हणाला, “मावशी, मी पाय लावलाच नाही. गाडीनंच दाबला ब्रेक.” मावशींनी आधी त्याच्या पायाकडे पाहिलं, मग डॅशबोर्डवर लुकलुकणाऱ्या लाल चित्राकडे. त्यानंतर त्र्यंबक येईपर्यंत त्यांनी दारावरची कडी सोडली नाही, आणि एरवी दर दोन मिनिटांनी येणारी ‘हळू घे’ची सूचनाही केली नाही.

स्कूटरवाला वाचला, ब्रेकने आपलं काम चोख केलं, तक्रारीला जागाच नव्हती. तरी मावशींचं ते गप्प होणं डोक्यातून जाईना. स्वयंचलनाच्या 0 ते 5 अशा सहा पायऱ्या मानतात. भाच्याची गाडी फार तर 2 क्रमांकाच्या पायरीवरची: हातपाय काही वेळ गाडीचे, जबाबदारी कायम माणसाची. 4 क्रमांकाच्या पायरीवर भाचा गाडीत नसतोच. अमेरिकेत फिनिक्स परिसरात वेमो कंपनीच्या अशा गाड्या 2020 च्या ऑक्टोबरपासून सर्वांसाठी खुल्या आहेत, तर झूक्स कंपनीच्या स्टिअरिंगच नसलेल्या डब्यात लास व्हेगासला 2025 च्या सप्टेंबरपासून लोक बसताहेत. या गाड्यांना ‘दिसतं’ कसं, यावर भरभरून लिहिलं जातं. आत बसणाऱ्याचं काय, हा प्रश्न मात्र बहुतेक वेळा चित्रात उरकतात. पांढरं कातडं, फिरणाऱ्या खुर्च्या, मधे टेबल, चारी बाजूंना टीव्हीसारखे पडदे. मर्सिडीजने 2015 च्या जानेवारीत दाखवलेली एफ 015 ही नमुना-गाडी त्या चित्रांची आजी म्हणायची. समोरासमोर चार खुर्च्या, दार उघडलं की खुर्ची 30 अंशांनी बाहेर वळून उतरायला मदत करते. देखणी होती यात शंका नाही.

नाशिककराला समोरासमोर बसण्याचं अप्रूप नसावं. पेठ-सुरगाण्याकडे जाणाऱ्या जीपगाड्यांत मागच्या आडव्या बाकड्यांवर गुडघ्याला गुडघा लावून माणसं वर्षानुवर्षं बसत आली आहेत, आणि त्या बाकड्यावर घाटात काय होतं हेही त्यांना ठाऊक आहे. नाशिकच्या द्वारका चौकातून मुंबईला निघणारा शेअर टॅक्सीवाला गाडी भरताना एक नजर टाकून विचारतो, “कुणाला गाडी लागते का?” ज्याला लागते त्याला पुढे घेतो, काच दोन बोटं खाली करतो, लहान पोराला खिडकीशी सरकवतो, जाडजूड माणसाला मधे बसू देत नाही. कसाऱ्याच्या वळणांआधी पुढच्या प्रवाशाने मोबाइल काढला तर “आता नका बघू” असंही सांगतो. आतल्या रचनेचं निम्मं शास्त्र या माणसाच्या जिभेवर असतं. तो गाडीतून गेला की ते सगळं सीट, काच, दिवा, पडदा आणि आवाज यांच्यात वाटून द्यावं लागतं. हे वाटप म्हणजेच बिनचालकाच्या गाडीची आतली रचना करण्याच्या कामाचा गाभा, आणि त्याची सुरुवात पोटापासून होते.

गाडी लागते ती कान आणि डोळे यांचं पटेनासं झाल्यामुळे. कानाच्या आतल्या अर्धवर्तुळाकार नलिका सांगतात, वळतोय. मोबाइलवर खिळलेले डोळे सांगतात, जागेवर आहोत. चालवणाऱ्याला सहसा त्रास होत नाही, कारण वळण त्याच्याच हातून घडतं आणि शरीराला ते आधी कळलेलं असतं. पुढच्या वेळी घाटात नीट बघा: चालकाचं डोकं वळणाच्या आतल्या बाजूला झुकतं, मागच्यांची डोकी बाहेर फेकली जातात. किती वेगाने हलल्यावर पोट ढवळतं, हेही मोजलेलं आहे. कंपनांच्या आयएसओ 2631 या मानकात मळमळीसाठी 0.1 ते 0.5 हर्ट्झचा पट्टा वेगळा काढला आहे, आणि त्यातही सर्वांत वाईट 0.2 च्या आसपास, म्हणजे पाच सेकंदांत एक हेलकावा. आता गंमत अशी की गाडीचं धूड स्प्रिंगांवर सेकंदाला साधारण एक-दीड वेळा हलतं. महागडे शॉकॅब्सॉर्बर खड्ड्याचा दणका खातात, पण पाच सेकंदांचा हेलकावा त्यांच्या हद्दीतच येत नाही. तो येतो ब्रेक, ॲक्सिलरेटर आणि स्टिअरिंगमधून, म्हणजेच चालवण्याच्या पद्धतीतून. त्यामुळे सीट बनवणारा आणि चालवण्याचा प्रोग्रॅम लिहिणारा यांनी पहिल्या दिवसापासून एका टेबलावर बसायला हवं. प्रत्यक्षात ते वेगवेगळ्या इमारतींत बसतात आणि गाडी तयार झाल्यावर भेटतात.

एक साधा हिशेब करू. घाटातलं 30 मीटर त्रिज्येचं वळण ताशी 30 किलोमीटर वेगाने घेतलं तर बाजूला ओढणारं त्वरण येतं सुमारे 2.3 मीटर प्रति सेकंद वर्ग, गुरुत्वाकर्षणाचा जवळजवळ चौथा हिस्सा. तेच वळण 20 ने घेतलं तर ते येतं 1 च्या जरासं वर. वेग एक तृतीयांशाने उतरला आणि ओढ निम्म्याहून खाली आली, कारण ती वेगाच्या वर्गाने बदलते. आरामात बसलेल्या, पुस्तक-मोबाइल बघणाऱ्या माणसासाठी 1 ते 1.5 च्या आत राहावं असा एक ढोबळ अंदाज धरतात. त्याहून महत्त्वाचा आकडा म्हणजे हे त्वरण किती झपाट्याने वाढतं, म्हणजे हिसका. तो 1 मीटर प्रति सेकंद घनाच्या आत ठेवला की चहाचा कप हातात राहतो. आपल्या गल्लीबोळांतले स्पीडब्रेकर या हिशेबात बसत नाहीत. इंडियन रोड्स काँग्रेसचं माप 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंटिमीटर उंच गोलसर उंचवट्याचं आहे, 25 च्या वेगाने ओलांडता येईल असं. गल्लीत मात्र रातोरात डांबर ओतून केलेला अरुंद कंगोरा असतो, त्यावर पांढरे पट्टे नसतात, आणि गाडीने तो ओळखून आधीच वेग उतरवला नाही तर मागच्या सीटवरच्या म्हातारीच्या मणक्यात कळ जाते.

प्रोग्रॅमने आपलं काम केलं तरी आतल्या रचनेला बरंच उरतं. पहिली गोष्ट खिडकीची. काचेची खालची कड बसलेल्या माणसाच्या खांद्याच्या बरीच खाली हवी. हल्लीच्या गाड्यांत ती फॅशन म्हणून वर चढत गेली आहे आणि मागचं पोर विहिरीत बसल्यासारखं बसतं. दुसरी गोष्ट टीव्हीसारख्या पडद्याची. तो मांडीवर किंवा पुढच्या सीटच्या पाठीवर खाली असला की डोळे बाहेरून तुटतात. डोळ्यांच्या पातळीला, खिडकीच्या शेजारी, आणि बाहेरचा रस्ता कडेने दिसत राहील इतका लहान ठेवला तर फरक पडतो. रात्री आतले दिवे आणि पडदे मंद व खाली हवेत, नाहीतर काचेचा आरसा होतो आणि बाहेरचं काहीच दिसत नाही. सिट्रोएनने 2018 मध्ये निळं पाणी फिरवणारा चश्मा काढला होता, चार गोल नळ्यांचा, गाडी कलली की पाणीही कलणारा. अॅपलने 2024 मध्ये फोनच्या पडद्याच्या कडेला गाडीबरोबर सरकणारे ठिपके आणले. दोन्हींतली कल्पना एकच, डोळ्याच्या कोपऱ्याला हालचालीची बातमी द्यायची. तेच गाडीत दाराच्या कडेने जाणाऱ्या एका बारीक प्रकाशपट्टीने करता येतं: वळणाच्या दीड-दोन सेकंद आधी त्या बाजूचा उजेड हलकेच सरकतो आणि मान आपोआप तयार राहते. चेहऱ्यावर थंड हवा, डोक्याला दोन्ही बाजूंनी किंचित आधार देणारी उशी, आणि वास मारणारं प्लास्टिक टाळणं. स्वस्त रेग्झिनमधून उन्हात वाफाळणारं द्रव्य काचेवर धुक्यासारखं बसतं आणि घशाशीही. आवळासुपारी त्याच्यापुढे काय करणार?

उलटं बसवलं तर काय, हा प्रश्न झूक्ससारख्या गाड्यांनी समोर आणला आहे. त्यांच्या डब्याला पुढचं-मागचं नाहीच, तो दोन्ही दिशांना जातो, त्यामुळे चारांतले दोघे कायम पाठमोरे. पाठमोऱ्याला रस्ता येताना दिसत नाही, जाताना दिसतो. म्हणजे बातमी नेहमी उशिरा. मुंबईच्या लोकलमध्ये माणसं उलटी बसतातच की, असं कुणी म्हणेल, पण लोकल रुळांवरून जाते आणि तिचे हेलकावे ठरलेले असतात. सपाट शहरात, पाऊण तासाच्या आतल्या फेरीत हे चालून जावं. वणीच्या घाटात मात्र पाठमोऱ्या सीटवर बसायला लावलेला भाविक गडावर पोचेपर्यंत देवीला दुसरंच साकडं घालील.

समोरासमोर खुर्च्यांच्या या दिवाणखान्याच्या कल्पनेला पोटापेक्षाही मोठी अडचण आहे, ती पट्ट्याची.

आजच्या सीटबेल्टचं सगळं गणित पाठ साधारण 25 अंश मागे कललेली आहे हे धरून बसवलेलं आहे. कमरेचा पट्टा ओटीपोटाखालच्या हाडावर, खांद्याचा पट्टा छातीवरून. खुर्ची आरामात मागे पाडली की कमरेचं हाड मागे वळतं. धडक बसली की माणूस पट्ट्याखालून पुढे सरकतो आणि पट्टा हाडावरून निसटून मऊ पोटावर येतो. आतडी, यकृत, मणका, सगळ्याला धोका. खांद्याचा पट्टा तर छातीपासून सुटून हवेतच असतो. उपाय आहेत: सीटच्या बैठकीचा पुढचा भाग वर उचलणारी चौकट, धडकेच्या क्षणी बैठकीत फुगणारी पिशवी, पट्टा दोन्हीकडून आवळणारे यंत्र, किंवा धडक अटळ दिसली की सेकंदाच्या अंशात खुर्ची सरळ करणारी मोटर. यातलं प्रत्येक वजन आणि किंमत वाढवतं. आणि खुर्ची फिरणारी असेल तर पट्टा गाडीच्या खांबाला बांधता येत नाही, तो खुर्चीतूनच निघावा लागतो. युरोपच्या आर14 नियमाप्रमाणे पट्ट्याच्या आधारांना ओढून बघतात, खांदा आणि कंबर प्रत्येकी 13.5 किलोन्यूटन, म्हणजे साधारण पावणेचौदाशे किलोचा ताण. तो सगळा खुर्चीच्या पायांतून, फिरणाऱ्या चकतीतून आणि तिच्या बेअरिंगमधून जमिनीत जायचा. प्रदर्शनातली फिरणारी खुर्ची रस्त्यावर न येण्याचं एक मोठं कारण त्या चकतीत आहे.

एअरबॅगचीही तीच तऱ्हा. स्टिअरिंग गेलं की त्यातली बॅगही गेली. अमेरिकेत 2022 च्या मार्चमध्ये हाताने चालवण्याची सोयच नसलेल्या गाड्यांसाठी प्रवासी-सुरक्षेचे नियम दुरुस्त केले, त्यात ‘चालकाची सीट’ गृहीत धरणारी भाषा बदलावी लागली. नवी बॅग मग छतातून खाली येते, किंवा सीटच्या कडेतून. कडेतली बॅग म्हटलं की एक नाशिकचीच गोष्ट आठवते, कुठल्याही शहराची असू शकते म्हणा. नवी गाडी घेतली की दुसऱ्या दिवशी माणूस सीटकव्हरच्या दुकानात. मूळ सीटच्या बाहेरच्या कडेला, लहानशा ‘एअरबॅग’ चिठ्ठीशेजारी, एक शिवण असते. बोट फिरवलं तर इतर शिवणींसारखीच लागते. पण तिचा दोरा मुद्दाम कमजोर निवडलेला असतो, टाक्यांची संख्या ठरलेली असते आणि शिवताना ताण मोजून नोंदवतात, कारण बॅग तिथूनच कापड फाडून मिलिसेकंदांत बाहेर यायची असते. तिच्यावर जाड रेग्झिनचं कव्हर दुहेरी टाक्यांनी घट्ट बसवलं की बॅग आतच कोंडते किंवा भलतीकडून फुटते. जिथे सगळी सुरक्षितता सीटमध्येच शिरणार आहे अशा गाडीत कव्हर बदलायचा मोह होणारच नाही, असं मूळ कापड द्यायला हवं. म्हणजे मळ न दिसणारं, घामाला न चिकटणारं आणि दिसायला गरीब न वाटणारं.

मळाचं तर वेगळंच पुराण. चालक असलेल्या गाडीत प्रत्येक फेरीनंतर एक फडकं फिरतं, ते कुणाच्या लक्षातही येत नाही. इथे फडकं मारणारा नाही, आणि पुढचा प्रवासी चार मिनिटांत हजर. बैठक आणि पाठ जिथे मिळतात ती खाच बघावी: सीट बनवणारे तिला बाईट लाइन म्हणतात. चिवड्याचे पोहे, सुट्टी नाणी, केसांच्या पिना, तिकिटं, सगळं तिथे. सार्वजनिक गाडीची सीट करताना ही खाच एक तर पूर्ण बंद करायची, नाहीतर हात जाईल इतकी मोकळी सोडायची. अर्धवट ठेवली की ती उकिरडा होते. खालची चटई तुकड्यांची नको, कडा चढवलेल्या एका ट्रेसारखी हवी, म्हणजे मिसळीचा रस्सा सांडला तर कार्पेटखालच्या फोममध्ये उतरत नाही. एकदा उतरला की तो वास गाडीच्या आयुष्याला पुरतो. कापडावर बारीक, मिश्र रंगांची नक्षी, एकरंगी कधीच नाही. कापड आगीला किती वेगाने पेटतं त्याचीही हद्द आहे, अमेरिकी नियमात मिनिटाला 102 मिलिमीटर, त्यामुळे बाजारातलं कुठलंही सुंदर कापड चालत नाही. आणि गुटखा. खिडकी अजिबात न उघडणारी केली तर तो आतच थुंकणार, पूर्ण उघडणारी केली तर चालत्या गाडीतून मान बाहेर काढणार. वरच्या बाजूने जेमतेम मूठभर उघडणारी काच आणि दाराच्या खिशात कडक पिशव्यांचा गठ्ठा, हा मला सुचलेला सर्वांत कमी वाईट मार्ग. त्याच पिशव्या घाटातही कामाला येतात.

काचेचं आणखी एक. चित्रातल्या गाड्या काचेच्याच असतात, छतासकट. एप्रिलमध्ये नाशिकचा पारा चाळिशी गाठतो, आणि उभ्या गाडीचा डॅशबोर्ड हात ठेवू देत नाही. फिल्म लावून भागवावं तर 2012 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून ती वाट वादाची झाली आहे. काच कारखान्यातूनच तशी आलेली बरी, पुढची-मागची 70 टक्के आणि बाजूची 50 टक्के प्रकाश आत सोडणारी. म्हणून उष्णता परतवणारा थर दोन काचांच्या मधे दाबलेली काच घ्यायची, किंवा सरळ छत पत्र्याचं ठेवायचं. मी पत्र्याच्या बाजूने आहे. छताची काच बघणारे फोटोत असतात, गाडीत बसलेली माणसं तिच्याखाली टॉवेल ताणतात.

दार हा सर्वांत क्षुल्लक वाटणारा आणि सर्वांत जास्त छळणारा भाग. वेमोच्या जॅग्वार गाड्यांची दारं साधी, हाताने लावायची. उतरणाऱ्याने दार नीट लावलं नाही तर गाडी जागची हलत नाही आणि दार लावायला माणूस पाठवावा लागतो. आपल्याकडचा रिक्षा-टॅक्सीवाला वाकून, हात लांब करून, पुटपुटत ते लावून मोकळा होतो. मग आपोआप सरकणारं दार करायचं. त्याला बोट सापडू नये म्हणून अडथळा ओळखणारी यंत्रणा. खिडकीच्या बाबतीत तिची हद्द ठरलेली आहे: 4 ते 200 मिलिमीटरच्या फटीत 100 न्यूटनांपेक्षा जास्त दाब येता कामा नये. बोट, मनगट, मान, सगळं यात ओळखलं जातं. पदर ओळखला जात नाही. साडीचा पदर एक मिलिमीटरचाही नसतो, दार पूर्ण बंद होतं, कुलूप ‘बंद’ म्हणून कळवतं आणि गाडी निघते. 2023 च्या डिसेंबरमध्ये दिल्ली मेट्रोच्या इंद्रलोक स्थानकावर एका महिलेचा साडी दारात अडकून जीव गेला, तो याच फटीतून. माणूस चालक आरशात बघतो, आणि तो चुकला तर रस्त्यावरचे दहा जण “ताई, पदर!” म्हणून ओरडतात. स्वयंचलित गाडीत उंबऱ्याकडे बघणारा कॅमेरा, दाराच्या कडेला कापड ओढलं गेल्याचं कळणारी रबरी पट्टी, आणि निघताना पहिले काही मीटर अगदी रांगत जाण्याची शिस्त, या तिन्ही गोष्टी हव्यात. बाहेरचा आवाज ऐकणारा मायक्रोफोनही असावा. ते ओरडणं फुकट जाऊ नये.

आतून दार उघडायची कडी विजेशिवाय, हाताने ओढून चालणारी आणि नजरेसमोर असली पाहिजे. ती चटईखाली किंवा झाकणामागे लपवणाऱ्याला माझ्याकडून एकही गुण नाही.

आणि बोलणं. वेमोच्या गाडीत पडद्यावर गाडीला दिसणारं जग रेखाटलेलं असतं, माणसं, गाड्या, रस्त्यात ठेवलेले शंकू. थांबली तर का थांबली ते तिथे उमजतं. बाजूला थांबवायचं बटण आहे, मदतीला फोन लागतो. हे सगळं उत्तम, फक्त वाचता येणाऱ्याला, चश्मा लावलेल्याला. रविवार कारंजावर गर्दीत गाडी दीड मिनिट अडली, बाहेरून कुणी काचेवर टकटक केलं, की आतल्या माणसाला चित्र नको असतं, एक वाक्य हवं असतं: “समोर हातगाडी आहे, ती सरकली की निघू.” सिंहस्थाच्या गर्दीत पोलिसाने हात दाखवून रस्ता बदलायला लावला तर तेही सांगायला हवं, नाहीतर प्रवाशाला वाटतं गाडी भरकटली. वाक्य छोटं, घटनेआधी किंवा लगेच नंतर, आणि दरवेळी नाही. प्रत्येक सिग्नलला बोलणारी गाडी तिसऱ्या दिवशी मुकी केली जाते. भाषा सरकारी नको. “कृपया प्रतीक्षा करा” ऐकून मावशींचा धीर वाढत नाही.

त्यांना हवा होता तो हळू सांगण्याचा अधिकार. तो द्यायला फार काही लागत नाही. दाराच्या हातटेकूवर, न बघता हाताला लागेल असं एक मोठं फिरतं बटण, दोनच टप्प्यांचं. हळूच्या टप्प्यावर गाडीने वळणातली ओढ 1 मीटर प्रति सेकंद वर्गाच्या आत ठेवायची, नेहमीचा ब्रेक लवकर आणि लांबवर लावायचा, पुढच्या गाडीमागचं अंतर वाढवायचं. आणीबाणीचा ब्रेक मात्र तसाच राहील, तो या बटणाला विचारणार नाही. सातपूर ते त्र्यंबक काही मिनिटं जास्त लागतील. सेवा चालवणाऱ्या कंपनीचा याला विरोध असणार, कारण दिवसाच्या फेऱ्या घटतात. एका प्रवाशाने हळू आणि दुसऱ्याने भरभर मागितलं तर? हळूवाल्याचं ऐकायचं. द्वारकेचा टॅक्सीवालाही सहसा तेच करतो, तोंडाने काही म्हणो.

यावर कुणी म्हणेल, इथे अशा गाड्या येणारच कुठे? नितीन गडकरींनी तर भारतात त्या येऊ देणार नाही असं जाहीर सांगितलं आहे, चालकांच्या नोकऱ्यांचं कारण देऊन. त्या कारणाशी माझं भांडण नाही. वर जे जे एका माणसाकडून काढून सीट-काच-दिव्यांत वाटलं, ते काम करणारी माणसं आणि त्यांची घरं याच शहरात आहेत, हे लिहिताना टोचत राहतं. पण सातपूरहून स्कॉर्पिओ आणि थार बाहेर पडतात, अंबडला त्यांच्यासारख्या गाड्यांचे पत्रे दाबले जातात, प्लास्टिक ओतलं जातं. आणि आज भाच्याच्या गाडीत आपोआप लागणारा ब्रेक उद्या भाच्याशिवायही लागेल. 2025 च्या जूनमध्ये समृद्धीचा इगतपुरीच्या पुढचा शेवटचा टप्पा खुला झाल्यापासून मुंबईला जाताना कसाऱ्याची वळणं टाळता येतात, सुमारे 8 किलोमीटरच्या बोगद्यातून. वळण नाही, दृश्य नाही, अंतर मोजायला झाडही नाही. मागच्या सीटवरचा प्रवासी आधीच तिथे येऊन बसला आहे.

काम सुरू करायचं तर संगणकाच्या आधी लाकूड घ्यावं. जमिनीवर खडूने गाडीचा खरा आकार काढायचा. 40 बाय 40 मिलिमीटरच्या अ‍ॅल्युमिनियम पट्ट्यांची चौकट, 18 मिलिमीटर प्लायवूडचा तळ, जुन्या गाडीतल्या सीटा, दाराच्या जागी पुठ्ठा. तळाची उंची बदलता यावी म्हणून खाली जॅक. धरायच्या कडीची नळी 30 ते 35 मिलिमीटर जाडीची, भिंतीपासून 45 मिलिमीटर सुटी, गडद भिंतीवर पिवळी. मापं युरोपच्या तक्त्यातली घ्यायची नाहीत. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने 1997 मध्ये भारतीयांच्या शरीरमापांचा संग्रह काढला, तिथून सुरुवात. मग ऑफिसातल्या तरुण पोरांना त्यात बसवून ‘छान आहे’ म्हणवून घेणं टाळायचं. नऊवारीतली सत्तरीची बाई, एका हातात काठी आणि दुसऱ्यात पिशवी. पाच किलो द्राक्षांचा क्रेट घेतलेला माणूस, जो क्रेट डिकीत ठेवायला तयार नाही. झोपलेलं मूल खांद्यावर घेतलेली आई, जिचा कुठलाच हात मोकळा नाही. प्रत्येकाचा चढता-उतरतानाचा व्हिडिओ बाजूने आणि वरून घ्यायचा आणि हात पहिल्यांदा कुठे जातो ते बघायचं. तो बहुतेक वेळा कडीवर जात नाही. दाराच्या कडेवर जातो, जिथून सरकतं दार येणार असतं. तिथे हात जाणार नाही अशा बेताने दुसरी कडी आधी लावायची, आणि मगच मोटरचा विचार. शेवटी शेजारच्या सीटवर दहा किलो कांद्याची गोणी ठेवून बघायची. वजन कळणारी गादी तिला माणूस समजते आणि पट्टा लावा म्हणून किणकिणत राहते. दंगा थांबवायला लोक मग गोणीलाच पट्टा बांधतात, किंवा क्लिप नुसतीच खोचून ठेवतात. आणि नुसती खोचलेली क्लिप पुढच्या प्रवाशासाठी तशीच राहते. गाडीत ती काढून ठेवायला कुणी नाही. म्हणून पट्टा बाहेर ओढला गेलाय की नाही, हे क्लिपमध्ये न मोजता गुंडाळीच्या टोकाला मोजायचं.